काटा वर आला का?

आमच्या गाडीच्या टेंपरेचरच्या काट्यानं मागच्या उन्हाळ्यात मान टाकली, आणि तेव्हापासून माझी सकाळ माझी राहिली नाही.

गाडी जुनी, माझ्या सासऱ्यांची. ते मूळचे पासलीचे. वेल्हे ते पासली वडापची जीप चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. माणसं आत, टपावर आणि मागच्या शिडीला लोंबकळलेली, अशी ती जीप. सासूबाई गेल्यावर जीप विकून ते भोरला आमच्याकडं राहायला आले. पण हात स्वस्थ बसेनात, म्हणून ही जुनी गाडी घेतली. घरात आम्ही तिघंच. नवरा सरकारी कचेरीत, मी पतसंस्थेत आणि सासरे बॉनेटखाली.

एका रविवारी पासलीहून तांदळाचं पोतं घेऊन परत येत होतो. नवरा गाडी चालवत होता, सासरे त्याच्या शेजारी, मी मागं. सासरे एकदम म्हणाले, "काटा बघ रं. मेलाय."

ऊन मी म्हणत होतं, गाडी एवढी चढण-उतरण करून आलेली, आणि काटा खाली गारच्या खुणेवर निवांत झोपलेला. मी म्हणाले, "मग बरंय की. गाडी गार आहे."

सासऱ्यांनी मागं वळून माझ्याकडं असं पाहिलं, की त्यांना माझ्या अख्ख्या माहेरची कीव आली असावी. "एवढं पळून इंजिन गार ऱ्हातंय व्हय? काटा खोटं बोलतोय. उद्या खरंच तापली, तर कळायचं बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गाडीत बसवलं आणि किल्ली फिरवायला सांगितली. इंजिनावर पाण्याची गरमी मोजणारा एक सेन्सर असतो, आणि त्याची वायर आतल्या मीटरपर्यंत येते. ती वायर सेन्सरवरून काढायची आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवायची. काटा टुणकन वर गेला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरचा. हे सगळं त्यांनी मला दोनदा समजावलं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं, पण त्यांना सांगायची हौस.

बॉनेटपलीकडून आवाज आला, "काटा वर आला का गं?"

"आला, मामा. पार वर!"

"मग मीटर जित्ता हाय. सेन्सर गेला."

भोरातल्या दुकानातून नवा सेन्सर आणला. पाणी गळू नये म्हणून नळाला लावतात ती पांढरी टेप त्याच्या आट्यांवर भरपूर गुंडाळून त्यांनी तो बसवला. गाडी सुरू करून बराच वेळ थांबलो, तरी काटा आपला खालीच. पहिले पाढे पंचावन्न. नवरा म्हणाला, गॅरेजला टाकू. सासरे ओट्यावर बसले, तंबाखू मळली, आणि ती तोंडात टाकायच्या आधीच हसले. "म्याच शाना! टेप लई गुंडाळली. सेन्सरला इंजिनाचं लोखंड भिडलं पायजे, तर करंट फिरंल. म्या मधी भित घातली."

इंजिन निवल्यावर त्यांनी टेप काढली आणि वॉशर घालून सेन्सर पुन्हा आवळला. मग काटा हळूहळू उठला आणि मध्यावर येऊन उभा राहिला. संध्याकाळी आम्हाला आंबवड्याच्या देवळात नेऊन आणलं त्यांनी. रस्त्यापेक्षा काट्याकडंच जास्त बघत होते. आम्ही खूप हसलो त्या दिवशी.

त्याच आठवड्यात सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा त्यांनी हाक मारली. बॉनेट उघडलेलं. "काटा मेलाय. बस आत."

"मामा, तो झाला की दुरुस्त."

"कुणी केला?"

"तुम्हीच."

"चेष्टा करतीस व्हय माझी?" ते खरोखर चिडले होते. मी गुपचूप आत जाऊन बसले. त्यांनी वायर काढून टेकवली, काटा वर आला, मी तसं ओरडून सांगितलं. "मग सेन्सर गेला," ते म्हणाले. "नवा आणाय पायजे."

मग ते रोजचंच झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, विसर वाढत जाणार, तुम्ही सांभाळून घ्या. सांभाळून घ्या म्हणजे काय करा, ते मात्र सांगितलं नाही. आम्ही किल्ली लपवली. त्यांनी कपाटं उपसली, तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिलं, आणि कधीच विकलेली जीप चोरीला गेली म्हणून शेजाऱ्यांना गोळा केलं. एकदा मी खोटंच सांगितलं, की काटा नाही आला वर. वाटलं, उत्तर बदललं तर पुढचं तरी काही बदलेल. बदललं. त्यांनी मीटरच काढायला घेतला. डॅशबोर्डचे स्क्रू अजून सगळे सापडलेले नाहीत.

खरं बोलून उपयोग नाही, खोटं बोलून तर नाहीच. मी चिडायचे. कामाला उशीर झाला की मनातल्या मनात वाटेल ते बोलायचे, आणि एसटीत बसल्यावर रडू यायचं. काट्याचं मला काय हो? माझ्यासमोर एक माणूस रोज थोडं थोडं निघून चाललं होतं, आणि मी स्टिअरिंगमागं बसून काटा आला, काटा आला म्हणून ओरडत होते.

एकदा नवरा संध्याकाळी गाडी घेऊन आला. इंजिन गरम होतं, तरी सासरे पाना घेऊन सेन्सरला भिडले. आतलं उकळतं पाणी उडालं असतं तर तोंड भाजलं असतं. नवऱ्यानं त्यांचा हात धरून पाना ओढून घेतला. ते त्याला म्हणाले, "तू कोन मला शिकवनार?" नवरा घरात आला आणि स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. तेव्हापासून आम्ही एकच ठरवलं. गाडी गार असताना, सकाळीच, मी त्यांच्यासोबत बसायचं. ते विचारतील, मी सांगायचं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. नेहमीसारखा प्रश्न आला. मी म्हणाले, "आला, मामा." पण पुढचं नेहमीचं वाक्य आलं नाही. ते बॉनेटला वळसा घालून माझ्या खिडकीशी आले. वाकून माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"तू आक्काची न्हवं का गं?"

आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, भोंगवलीला दिलेली. माझ्या लग्नाआधीच वारली. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते. पूर्वी बहिणीची लेकच सून करून आणायचे, तिथून आलेली ही हाक. रीत मागं पडली, हाक राहिली. मी घरात आले त्या दिवसापासून म्हणत आले, कधी विचारसुद्धा केला नाही. त्यांनी मात्र केला. ही मला मामा म्हणते, म्हणजे ही बहिणीची लेक. टेपची चूक शोधली होती, तशीच सरळ वाट.

सांगायचं होतं, की मामा, मी तुमची सून. पण त्यातही मामा आलंच. त्यांना दुसरी कुठली हाक मारायची मला येतच नाही.

"हो," मी म्हणाले.

"कुठं दिली तुला?"

"इथंच. भोरात."

"सासरा हाय?"

"आहेत."

"कसा हाय? जाच न्हाई ना करत?"

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. "नाही, मामा. खूप चांगले आहेत."

त्यांना बरं वाटलं. खिडकीतून हात घालून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला, ग्रीसचा, तसाच.

"मग झालं," ते म्हणाले. "एवढी गाडी नीट हुंदे. येतो एकदा त्यास्नी भेटाया."