मावशीची तक्रारवही

माझ्या मावशीने एका माणसाचा सूड उगवला, तोही बागांमध्ये फिरून.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, राजधानीतल्या जुन्या राजबागेत माळी होते. राजे गेले, फाटक सगळ्यांना उघडं झालं. कारंज्याजवळ राणीने लावलेले दोन देवदार तेवढे उरले होते. एका सरकारी समारंभाच्या मांडवासाठी उद्यान अधीक्षकांनी त्यातल्या एकाच्या बुंध्याशी चर खणायला लावला.

"साहेब, मुळं तुटतील," काका म्हणाले.

"तुम्ही पाणी घाला. अक्कल आम्ही घालतो."

दीड वर्षात झाड वाळलं. साहेबांनी अहवालात लिहिलं, माळ्याच्या हलगर्जीमुळे झाड गेलं. काकांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी घरातल्या कुंडीलासुद्धा हात लावला नाही.

मावशी रडली नाही. म्हणाली, "याला मी सुखाचा घास खाऊ द्यायची नाही."

प्रत्येक बागेच्या फाटकाशी एक तक्रारवही असे. तक्रार आली की आठ दिवसांत अधीक्षकांनी जागेवर येऊन स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचं, असा नियम होता. मावशी शिवणकाम करायची. दुपारी मशीन झाकून ती रोज एक बाग धरायची. शहरात बागा एकवीस. 'बाकाचा खिळा वर आला आहे.' 'गुलाबांवर मावा पडला आहे.' 'नळ गळून वाटेवर चिखल झाला आहे.' खोटं एक अक्षर नाही. साहेबांची पार वरात निघाली. आज या टोकाला, उद्या त्या टोकाला. मावशी दिसली की पहारेकरी न सांगता वही उघडून ठेवत.

एकदा साहेबांनी तिला गाठलंच. "बाई, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?"

"होता की. नवऱ्याचा डबा भरायचा. तुम्ही सोडवलात."

अशी नऊ वर्षं गेली. मग पुन्हा समारंभ ठरला आणि दुसऱ्या देवदाराभोवती चुन्याची रेघ पडली. मावशीने वहीत लिहिलं, 'येथे चर खणल्यास झाडास धोका आहे काय?'

साहेबांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. दुसरं झाड अंगाशी यायला नको म्हणून त्यांनी लिहिलं, 'होय. मुळे तुटून झाड वाळू शकते. चर रद्द.' खाली सही, तारीख.

मावशीने त्या पानाची शिक्क्याची नक्कल मिळवली. पहिल्या समारंभाचा वर्तमानपत्रातला फोटो तिने जपला होता. त्यात देवदाराखालचा चर स्पष्ट दिसत होता. दोन्ही कागद तिने थेट सचिवांकडे दिले. चौकशी झाली. काकांवरचा ठपका पुसला गेला, साहेबांना खालच्या पदावर उतरवून घरी पाठवलं.

मावशीने निकाल वाचून दाखवला. काकांनी विचारलं, "दुसरं झाड बरं आहे ना?" ती "हो" म्हणाली. ते कूस बदलून झोपले. मावशीला त्यांचा भारी राग आला.

पुढच्या आठवड्यात साहेबांची बायको दारात आली. "झालं समाधान? ते चार लोकांत जायला लाजतात आता."

"लाजू देत," मावशी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी तिथेच काजं करत बसले होते. विचारलं, "वाईट नाही वाटलं गं?"

"जरासुद्धा नाही. दोरा दे."