पत्राच्या तळाशी दोन अक्षरं

तुर्भ्याच्या कारखान्यात मला टायपिस्ट म्हणून घेतलं, तेव्हा माझी शाळा नववीतच सुटलेली होती. साहेबांनी शिक्षण विचारलं नाही, याचे उपकार मी आजही मानते. पण कधीतरी विचारतील, ही धास्ती रोज असायची.

पत्राच्या तळाशी डावीकडे साहेबांची आद्याक्षरं, मग तिरपी रेघ, मग टाइप करणाऱ्याची बारीक अक्षरं, अशी तेव्हा रीत. मराठवाड्यातल्या आमच्या घरात कुणाचं काही छापून आलेलं नव्हतं. माझी दोन अक्षरं पार कलकत्त्यापर्यंत जायची.

मग कॉम्प्युटर आला. दर वाढले की एकेक पत्र उघडून आकडा बदलायचा. मशीन बसवणाऱ्याने मॅक्रो दाखवला: बटणं कशी दाबायची ते मशीनला एकदा करून दाखवायचं, पुढे ते आपलं आपण करतं. जेवणाच्या सुट्टीत बसून मी दर बदलायचा मॅक्रो केला. दिवसभराचं काम चहा निवायच्या आत.

साहेब खूश. "कमाल केलीत, बाई! आता तुम्हाला पर्मनंट करून टाकतो. फक्त कुणालाही जमेल असं करून ठेवा. तुम्ही रजेवर गेलात तर मला टेन्शन नको."

शिरवण्याला मी भाड्याने राहायचे, तिथली घरमालकीण रोज विचारायची, "काय गो, कायम झालीस का?"

"होईन, मावशी."

"तुझा सायेब गोड बोलतो. गोड बोलनाऱ्याचा हात आखडता."

मी केलं, कुणालाही जमेल असं. आणि ते जमलंच. साहेबांच्या मेव्हण्याची मुलगी आली, बी.कॉम. झालेली. "ताई, किती इझी आहे हे!" म्हणाली. शिकवलं मीच.

महिनाअखेर साहेब म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, बाई. वरच्यांना ग्रॅज्युएट हवेत. जाता जाता जुन्या पत्रांच्या तळाशी तिची अक्षरं टाकून जा. तुमचा मॅक्रो आहेच."

मशीनला नुसती माझी अक्षरं बदलायला सांगितलं असतं, तर इंग्रजी शब्दांच्या पोटातली तीच दोन अक्षरंही बदलली असती. सगळ्या पत्रांची वाट लागली असती. तसंच करावं, असं मनात आलं. पण हात चोख कामाला सोकावलेले. अक्षरांआधीची तिरपी रेघ धरूनच शोधायला सांगितलं. पत्रं भराभर सरकली.

"झालंसुद्धा?" साहेब म्हणाले.

"झालं. थँक्यू, साहेब."

ते थँक्यू कशाचं, कोण जाणे. तोंडातून आपोआप आलं.