सागाचं बूच

आरमोरीचा तो मिस्त्री गाडीचं बॉनेट उघडलं की आधी मालकालाच गप्प करायचा. “चूप राहा भाऊ, गाडीले बोलू द्या.”

आमची वडिलांच्या वेळची मोटार दर दहा मैलांवर बंद पडायची आणि जरा थांबलं की पुन्हा चालू व्हायची. नागपुरात पंप बदलून झाला, कार्बोरेटर धुऊन झाला, फरक नाही. शेवटी गाडी आरमोरीला त्याच्याकडे आणली. मिस्त्रीनं पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. साफ होती. मग त्यानं टाकीचं बूच उपसलं. मूळ झाकण हरवलं तेव्हा हे सागाचं बूच त्यानंच कोरून दिलं होतं. फस्स करून हवा आत शिरली. त्यानं बूच उलटसुलट फिरवून पाहिलं, कुठंच भोक नव्हतं.

टाकीत कचरा होता म्हणाला असता, तर मला काय कळणार होतं? पण त्यानं बूच उंच धरलं आणि समोरच्या चहाटपरीला ऐकू जाईल असा ओरडला, “पाहा रे! गलती माहीच हाये. आत हवाच नाई जाऊन राह्यली, तं पेट्रोल उतरन कसं?”

गिरमिटानं त्यानं बुचाला बारीक भोक पाडलं, ते परत बसवलं आणि छाती फुगवून मला म्हणाला, “पन भाऊ, इतकं घट्ट बूच दुसऱ्या कोनाले जमन काय?”