निळ्या मिठाचा फोटो

बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायला आलो तेव्हा जीपने कारखान्यातल्या कामगारांची ने-आण करायचो. हल्ली जीप आरोग्याच्या मोहिमेला लावली आहे. घाणीचं मला काही वाटत नाही. गाडीत कोणी ओकलं तर मुकाट धुऊन काढतो. पण त्या दिवशी डोंगरातल्या पाड्यावर जे पाहिलं, त्याची शिसारी अजून जात नाही.

मोहीम मिठाची होती. आईच्या खाण्यात आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाचा मेंदू नीट वाढत नाही, म्हणून घरोघरचं मीठ तपासायचं. चिमूटभर मिठावर औषधाचा थेंब टाकायचा. निळं झालं तर आयोडीन आहे, पांढरं राहिलं तर नाही.

पहिल्याच घरातली बाई पोटुशी होती. थोरली मुलगी शाळेत जायच्या वयाची, पण तोंडातून धड शब्द नाही. नवरा-बायको दरसाल मिठागरावर कामाला जातात. परतताना मुकादम खडेमिठाचं पोतं देतो, तेच घरात वर्षभर. तिने बशीत मीठ आणलं. थेंब पडला. मीठ पांढरंच राहिलं.

"फोटोत निळं यायला हवं," मोहिमेचे डॉक्टरसाहेब पुटपुटले. त्यांच्या हाताखालचा माणूस बशी घेऊन जीपच्या आडोशाला आला, मीठ खाली ओतलं आणि पिशवीतल्या पुड्यातलं दुसरं घेतलं. त्याचसाठी तो पुडा गावोगाव फिरवतात, हे मला तेव्हा कळलं. लाज कशाशी खातात हेच या लोकांना माहीत नाही! मग पाड्यावरच्या लोकांना बोलावून सगळ्यांसमोर थेंब टाकला, निळा डाग उमटला, टाळ्या झाल्या. बाईच्या हातात बशी देऊन साहेब फोटोसाठी शेजारी उभे राहिले.

"निळं म्हंजे चांगलं ना, सायेब?" तिने विचारलं. "आता पोटातलं नीट बोलंल ना?"

"एकदम उत्तम!" म्हणत साहेब जीपमध्ये बसले.

कोळगावच्या ऑफिसला परतताना मी म्हणालो, "साहेब, तिला खरं सांगायला पाहिजे होतं." तर म्हणे, "तू रस्ता बघ." मग सगळा वेळ जेवायला मासे कुठे चांगले मिळतात याच्याच गप्पा.

सुट्टीच्या दिवशी दुकानातून आयोडीनचं मीठ घेऊन मी पाड्यावर गेलो. पुडे पाहून बाई म्हणाली, "नको दादा, आमचं मीठ चांगलं हाय."

झाला प्रकार सगळा सांगितला. बशी कुठे बदलली, ती जागासुद्धा दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

"तुमी गाडी चालवता ना, दादा?" ती हसली. "डागदर सायबांनी सगळ्यांसमोर तपासलंय. जावेला पण दिलं मी टोपलीभर. तिला पण दिवस गेलेत."