दुसऱ्या बर्फाचा वाडगा

“एक वाडगा बर्फच मागितला होता ना पोरीनं? दिला असतास तर काय बिघडलं असतं?”

“पहिला बर्फ होता तो, एस्टिल. काजळी असते त्यात. तिची छाती आधीच भरलेली...”

“काजळी! मी रोज खाणीत घमेलंभर काजळी गिळून येतो. मेलो का मी?”

“नाही ना,” ऑर्फा म्हणाली. “तूच तेवढा नाही मेलास.”

मी त्यांच्या मागच्या कोठीत उभी होते, जिथं डुकराचं मांस धुरी देऊन टांगतात तिथं. एक तुकडा उसना न्यायला आले होते. एस्टिल माझा सख्खा थोरला भाऊ आणि ऑर्फा माझी वहिनी, म्हणजे मी काही परकी नव्हे. पण अशा वेळी सख्ख्या बहिणीनंही दिसू नये. दोन लोंबत्या मांड्यांच्या मध्ये श्वास धरून राहिले आणि दार आपटल्याचं ऐकल्यावर रिकाम्या हातानं घरी गेले. त्या दिवशी माझा नवरा नुसत्या घेवड्यावर जेवला आणि चार दिवस मला ते ऐकवत राहिला.

या गोष्टीला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली. ती दोघंही गेली. माझं शिक्षण चार यत्तांचं, पण ऑर्फाचं काय झालं ते सांगायला आमच्या सॉरवुड खोऱ्यात आता मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे हिवाळ्याचा पहिला बर्फ कुणी खात नाही. पहिला बर्फ हवा धुतो, असं माझी आजी म्हणायची, तिची आजीही म्हणायची. त्यातून आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी कोळशाची खाण. पहिला बर्फ पडला की संध्याकाळपर्यंत त्यावर मिरी भुरभुरवल्यासारखी काजळी. म्हणून दुसऱ्या बर्फाची वाट बघायची. तो पडायला लागला की घराघरातून पातेली बाहेर. वरचा भुसभुशीत थर अलगद घ्यायचा, खालचा दाबून बसलेला नको. साय, साखर, फेटलेलं अंडं, चिमटीभर मीठ आणि फेरीवाल्याकडची व्हॅनिला आधीच कालवून ठेवायची. ते बर्फावर ओतून भराभर ढवळायचं, शेगडीपासून लांब, आणि उभ्या-उभ्याच खायचं. आइस्क्रीमच ते, पण यंत्राचं नव्हे, आकाशातलं.

हे ऑर्फासारखं कुणाला जमत नसे. आदल्या संध्याकाळी ती आपला लाकडी वाडगा ओसरीवर थंड व्हायला ठेवायची. बर्फ पडणार हे तिला गुडघ्यांवरून कळायचं म्हणे. मी म्हणायची, “ऑर्फा, तुझे गुडघे रेडिओवर पाठव.” व्हॅनिला मात्र तिच्या हातून नेहमीच जास्त पडायची. एकदा आमचे धर्मगुरू म्हणाले, “ऑर्फाबाई, त्या बाटलीत दारूचा अंश असतो, माहीत आहे ना?” ती म्हणाली, “म्हणूनच तुम्हाला दुसरा वाडगा देत नाही.”

ही ऑर्फा लुरीन जायच्या आधीची.

लुरीन त्यांची एकुलती एक मुलगी. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, दिवसभर बडबडणारी. त्या डिसेंबरात तिच्या छातीत कफ भरला. अंगात ताप. पहिला बर्फ पडला तसं खिडकीतून बघून म्हणाली, “आई, आइस्क्रीम कर ना.” ऑर्फानं जे कुठल्याही आईनं सांगितलं असतं तेच सांगितलं, “हा पहिला आहे, राणी. दुसरा पडू दे, मग मोठा वाडगा भरून करते.” पोरगी शहाणी होती. ठीक आहे म्हणाली. रोज सकाळी उठून विचारायची, “पडला का दुसरा?” आठव्या दिवशी विचारलं नाही.

दुसरा बर्फ पडला तो तिला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

ऑर्फा सकाळी उठली, पातेलं बाहेर ठेवलं, साय कालवली आणि मोठा वाडगा भरून आइस्क्रीम केलं. एस्टिल आत आला तर टेबलावर वाडगा आणि त्यात तीन चमचे. तो बघतच राहिला. ती म्हणाली, “मी तिला शब्द दिला होता.” त्यावरून ते भांडण झालं. वाडगा एस्टिलनं ओसरीवर नेऊन कुत्र्यापुढे ठेवला आणि त्याच दिवशी ओढ्यापलीकडे आमच्या वडिलांच्या रिकाम्या घरात राहायला गेला.

दोन घरांमध्ये एक ओढा आणि त्यावर पायवाटेपुरता एक साकव, दुसरं काही नाही. तो साकव त्यानं तीस वर्षांत तिच्याशी बोलायला म्हणून कधी ओलांडला नाही. काडीमोड नाही, कोर्ट नाही. आमच्या चर्चमध्ये बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वर्षानुवर्षं पत्ताच लागायचा नाही. दर शनिवारी तिच्या ओसरीवर कोळशाच्या दोन बादल्या आणि फोडलेली लाकडं येऊन पडायची. तिनं कधी आभार मानले नाहीत, त्यानं कधी खोकून चाहूल दिली नाही. तिचं छप्पर गळलं तेव्हाही तो ती बाजारात गेलेली बघून वर चढला.

आणि ऑर्फा दर वर्षी, दुसरा बर्फ पडला की, वाडगा घेऊन साकव ओलांडायची. त्याच्या ओसरीच्या कठड्यावर ठेवायची, चमच्यानं कठड्यावर तीनदा वाजवायची आणि मागं वळून न बघता परत यायची. संध्याकाळी वाडगा धुऊन तिच्या कुंपणाच्या खांबावर पालथा घातलेला असायचा.

चार-पाच वर्षं अशी गेल्यावर तिनं मला विचारलं, “व्हिनी, तो खातो का गं?”

“धुतलेला वाडगा येतो म्हणजे खातच असेल.”

“असेल नको. बघून ये.”

मग पुढच्या हिवाळ्यात मी, दोन मुलांची आई, एस्टिलच्या मक्याच्या कणग्यामागं जाऊन दबा धरून बसले. पायांची बोटं गोठली. ऑर्फा आली, वाडगा ठेवला, चमचा वाजवला, गेली. एस्टिल बाहेर आला. वाडग्याकडे बघत उभा राहिला, चांगला प्रार्थना म्हणून व्हावी इतका वेळ. मग त्यानं तो खाली ठेवला आणि कुत्र्याला शीळ घातली.

परत आले तेव्हा ऑर्फा दारातच उभी.

“खाल्लं?”

“खाल्लं,” मी म्हटलं. “चाटूनपुसून.”

खोटं बोलायचं नाही हे मला चौथीच्या आतच शिकवलं होतं. पण तिचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. पुढं दर वर्षी ती विचारायची आणि मी तेच सांगायची.

मधे दोन वर्षं रेडिओवर सांगायला लागले की लांब कुठंतरी बॉम्बच्या चाचण्या झाल्यात, त्याची राख बर्फातून खाली येते, बर्फ खाऊ नका. सगळ्यांनी सोडलं. ऑर्फानंही पातेलं बाहेर ठेवलं नाही. दुसऱ्या वर्षी दुसरा बर्फ पडून तीन दिवस झाले आणि तिच्या कुंपणाच्या खांबावर एक पत्र्याचा वाडगा दिसला. एस्टिलचा. रिकामा, सुलटा ठेवलेला.

मी म्हटलं, “बघ, मागतोय.”

“कुत्र्याला चुकल्यासारखं झालं असेल,” ती म्हणाली.

मी चपापले. पण ती हसत होती, म्हणून सोडून दिलं. राखबिख काही न बघता तिनं त्या वर्षी वाडगा भरला.

एस्टिलनं या तीस वर्षांत एकामागून एक तीन कुत्री पाळली आणि तिघांचंही नाव ड्रमच ठेवलं. नवीन नाव सुचवण्याइतकं तो कुणाशी बोलतच नव्हता. मग त्याला धाप लागायला लागली. खाणीतल्या माणसांचं जे होतं तेच. आधी चढावर दम, मग सपाटीवर, मग खुर्चीतसुद्धा. आडवा झाला की गुदमरायचा, म्हणून खिडकीजवळ खुर्चीत बसूनच झोपायचा. शनिवारच्या बादल्या बंद झाल्या. ऑर्फा दोन शनिवार ओसरीकडे बघत राहिली. तिसऱ्या शनिवारी तिनं स्वतः कोळसा भरून बादली त्याच्या दाराशी नेऊन ठेवली. दार वाजवलं नाही. त्याचं जेवण, औषध मी बघायची. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “नाताळ बघतील असं वाटत नाही.” मी ते ऑर्फाला सांगितलं. ती भांडं घासत होती, ती घासतच राहिली.

डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला बर्फ पडला. सकाळी चूल पेटवते तोच दारात ऑर्फा.

“व्हिनी, साय आहे?”

“आहे. कशाला?”

तिच्या काखेत लाकडी वाडगा होता.

“अगं, पहिला आहे हा!” मी म्हटलं. “कधी नाही ते...”

“कितवा आहे ते कळतं मला. एकदा थांबले होते ना.”

मी सायीचं भांडं तिच्या हातात दिलं आणि शाल घेऊन मागोमाग निघाले. तिनं बर्फ माझ्याच कुंपणावरून घेतला, वरचा वर, पाखराचं पीस उचलावं तसा. तरी त्यात काळे कण दिसत होते. ती ते बोटाच्या टोकानं एकेक करून काढत होती. मग एकदम थांबली आणि उरलेले तसेच राहू दिले.

त्या दिवशी तिनं वाडगा कठड्यावर ठेवला नाही, चमचाही वाजवला नाही. सरळ आत गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी उंबऱ्यातच थांबले. एस्टिलनं मान वळवली. दोघं एकमेकांकडे अशी बघत होती जशी आगगाडीच्या फलाटावर ओळख पटते की नाही अशी माणसं बघतात.

“कितवा?” त्यानं विचारलं. एकेका शब्दाला त्याला धाप लागत होती.

“पहिला.”

“काजळी असेल.”

“आहे.”

तो वाडग्याकडे बघत राहिला. माझ्या मनात आलं, आता हा शीळ घालणार. ड्रमही शेगडीजवळून उठून उभा राहिला होता. पण एस्टिलनं हात पुढे केला. चमचा त्याला पेलवेना म्हणून तो ऑर्फानंच धरला. एक घास. मग दुसरा. तिसऱ्याला तो म्हणाला, “व्हॅनिला जास्त झालीय.”

“तुझ्या कुत्र्यानं इतकी वर्षं कधी तक्रार केली नाही,” ऑर्फा म्हणाली.

मी उंबऱ्यात मेल्याहून मेल्यासारखी झाले. एस्टिल हसला. हसता हसता खोकला आला, आणि तो खोकला थांबेपर्यंत तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. थांबल्यावर तो म्हणाला, “पोरीला जास्तच लागायची.”

ऑर्फानं चमचा पुन्हा भरला. वाडगा संपेपर्यंत भरवत राहिली. तळाशी थोडं पाणी उरलं, त्यात काळे कण. तेही तो प्यायला.

परत येताना साकवावर मी म्हटलं, “ऑर्फा, मी तुला इतकी वर्षं खोटं...”

“मी चमचा वाजवला की तो कुत्रा आधी धावत यायचा, व्हिनी. मला डोळे नाहीत का?”

“मग दर वर्षी मला विचारायचीस कशाला?”

“तू खाल्लं म्हणायचीस ते ऐकायला बरं वाटायचं.”

त्यानंतर ती रोज सकाळी साकव ओलांडून जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. काय बोलत होती दोघं, मला माहीत नाही. मी गेले की गप्प असायची. एकदा मात्र बाहेरून लुरीनचं नाव ऐकू आलं, दोनदा, आणि मी भाकरीची टोपली दाराशी ठेवून मागल्या पावली परतले. सहाव्या दिवशी सकाळी एस्टिल खुर्चीतच गेलेला सापडला. लुरीनच्या शेजारी त्याची जागा तीस वर्षं राखलेली होतीच.

ऑर्फा त्याच्यानंतर अकरा दिवस जगली. आजारी नव्हती, निदान आम्हाला दिसण्यासारखी नव्हती. ड्रमला मी आमच्याकडे आणला होता, पण तो साखळी सोडवून परत जायचा आणि एस्टिलच्या बंद दारापुढे बसायचा.

एस्टिल गेल्याच्या दहाव्या दिवशी दुसरा बर्फ पडला. मी खिडकीतून बघितलं तर ऑर्फाच्या ओसरीवर पातेलं बाहेर. दुपारच्या आधी ती निघाली, डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत लाकडी वाडगा. वितळू नये म्हणून नेहमी जशी झपझप चालायची तशीच चालली होती. साकवावर एका हातानं दोर धरला. एस्टिलच्या कठड्यावर वाडगा ठेवला आणि चमच्यानं तीनदा वाजवलं. ड्रम उठून आला. ती मागं वळून न बघता परत आली.