मराठीत धरलेली ऑर्डर

माझा धाकटा भाऊ श्रीवत्स कुंभकोणमच्या एका कॉफी हॉटेलात वाढपी. चार टेबलांच्या ऑर्डरी एकदम डोक्यात घ्यायचा, कागद नाही की पेन्सिल नाही. मध्येच कुणी सांबार मागो, कुणी बसची वेळ विचारो, मालक गल्ल्यावरून ओरडो, हा आत जाऊन सगळं बिनचूक सांगायचा. लोक वाहवा करत. मी नाही करायची, डोक्यावर बसला असता.

मग फिट्स सुरू झाल्या. एकदा हातात गरम कॉफी असतानाच पडला, मनगट भाजलं. तंजावरच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूत गाठ सांगितली. ती काढायची, पण ऐकलेलं थोडा वेळ धरून ठेवायचं काम याच्या मेंदूत कुठं चालतं ते आधी बघायचं होतं. त्या जागेला धक्का लागला की याचं हॉटेल संपलं. आणि दुसरं त्याला येतं काय, कपाळ!

डोक्याला तारा चिकटवल्या. घरात कोणती भाषा, असं बाईंनी विचारलं. "तमिळ," तो म्हणाला. मला बाहेर बसवलं होतं, त्यानं काय सांगितलं ते मला पुढं कळलं. आम्हा तंजावरी मराठ्यांची ही खोडच. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की मराठी घरात राहते. आपण खोटं बोललो, हे त्याच्या मनातही आलं नसेल.

तपासणीत तमिळ शब्द ऐकवायचे, मध्ये तमिळ बडबड लावायची, मग शब्द विचारायचे. बडबड नसली की पडद्यावरच्या लाटा ठीक चालत. ती सुरू झाली की विस्कटत, आणि शब्द गायब. बाई मला म्हणाल्या, तो भाग गाठीनं आधीच खाल्लाय, वाचवण्यासारखं काही उरलं नाही. परवापर्यंत तर हा सगळं धरत होता, मी बोलूनही दाखवलं. सवयीचं काम माणूस रेटून नेतो, म्हणाल्या. आम्ही सही केली.

ऑपरेशन झालं, गाठीबरोबर तो भागही काढला, फिट्स थांबल्या. मी देवापुढं दिवा लावला, वाटलं सुटलो.

तो हॉटेलात परत गेला. टेबलापाशी मान हलवली, स्वयंपाकघराच्या दारात पोचला आणि तिथंच उभा राहिला. परत येऊन विचारलं. पुन्हा दारात तसाच. मालक भला माणूस, कामावरून काढलं नाही. फक्त त्याला ग्लास विसळायला बसवलं.

घरी आल्यावर मी विचारलं, आधी रे कसं धरायचास? तो तुटक तुटक सांगू लागला. गिऱ्हाइकाचं तमिळ तो मनात मराठी करून घोळवायचा. भोवतीचा तमिळ कालवा त्या मराठीला शिवायचाच नाही. तपासणीत मात्र तमिळवर तमिळच आदळलं.

बाईंनी काढून टाकली ती त्याची मराठी धरायची धडधाकट जागा होती, हे आत्ता कुठं कळलं. मी भडकले. मेल्या, तोंड शिवलं होतं का, घरी मराठी बोलतो एवढं सांगायला काय जात होतं, त्यांनी मराठीत तपासलं असतं, ती जागा राखली असती, असं मी बोलतच सुटले. त्यानं हात वर करून मला थांबवलं.

मग तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, तमिळमध्ये सांग. शेवटाला येईतो सुरुवात निसटते."

तो आईच्या पोटातून बाहेर आल्यापासून मी त्याच्याशी घरात तमिळ बोलले नव्हते. बोलले. सगळं पुन्हा सांगितलं. त्याला ते नीट कळलं, आणि तो रडायला लागला.