पळतं अक्षर

रामदासपेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या कामांच्या यादीत तो ‘फ्लेक्सवाला’ होता. त्याने स्वतः एक अक्षर, म्हणजे फॉन्ट, घडवलं होतं, एकसारख्या जाडीचं, ठळक, उजवीकडे झुकलेलं. सेल, कबड्डी, कोचिंग क्लास, सगळ्यांना तेच. छापलेला प्रत्येक फ्लेक्स तो रस्त्यापलीकडून एक डोळा मिटून वाचायचा.

"पळतं अक्षर आहे हे, ताई. गाडीवाल्याले ब्रेक न मारता वाचता आलं पाह्यजे."

बाबा गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी मी तेच अक्षर सांगितलं. लांबून दिसतं, म्हणून.

त्याने माउसवरचा हात काढला. "गेलेल्या माणसाले काहून पळवून राहिल्या? उभ्या अक्षरात करू."

"मला अजून सहा कामं आहेत. सांगितलं तेवढं करा."

संध्याकाळी त्याने दोन गुंडाळ्या पुढे केल्या. "एक तुमची. दुसरी उभ्या अक्षरातली, माह्याकडून. वाटलं तर लावजा."

मी माझी तेवढी उचलली आणि यादीत खूण केली.

सकाळी चौकात बाबांचं नाव सेलच्या फ्लेक्सशेजारी दिसलं. दोन्ही एकाच अक्षरात, एकाच घाईत. बाबा तर कधी बसमागेही धावले नव्हते.

तेरवी झाल्यावर मी दुसरी गुंडाळी मागायला गेले. त्याने ती जपून ठेवली होती. ती घेऊन तो रस्ता ओलांडून गेला आणि फ्लेक्स उघडून धरला. मी एक डोळा मिटला. पलीकडे बाबांचं नाव शांत, सरळ उभं होतं.

"आता कुठं लावान, ताई?" परत येऊन त्याने विचारलं.